कंपायलरची अवांतर बडबड

सी++ या प्रोग्रॅमिंग भाषेतील ‘लिस्ट’वर (यादीवर) स्टँडर्ड लायब्ररीचे ‘सॉर्ट’ (क्रम लावणारे फंक्शन) चालत नाही, कारण सॉर्टला कोणत्याही स्थानावर थेट उडी मारू शकणारा इटरेटर (संग्रहातले स्थान दाखवणारा निर्देशक) लागतो आणि लिस्टचा इटरेटर एकेक पाऊलच पुढे किंवा मागे सरकतो. एवढे सांगायला एक वाक्य पुरते. लिस्टचे स्वतःचे सॉर्ट आहे, ते वापरा, असे दुसरे वाक्य जोडले तर उपकारच होतील. त्याऐवजी जीसीसी हा कंपायलर (लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम) मला लायब्ररीच्या हेडर फाइलमध्ये, मी न लिहिलेल्या आणि कधीही बदलणार नसलेल्या ओळीवर नेऊन उभे करतो आणि वजाबाकीचा ऑपरेटर सापडत नाही, असे जाहीर करतो. मी वजाबाकी केलेलीच नाही; ती सॉर्टच्या आत, दोन स्थानांमधील अंतर मोजताना होते! त्यानंतर उलट्या इटरेटरची वजाबाकी का जुळत नाही, मूव्ह इटरेटरची का जुळत नाही, याची सविस्तर कैफियत सुरू होते, आणि माझ्या फाइलमधील एकुलती एक ओळ ‘इथून गरज पडली’ एवढ्याच शेऱ्यासह त्या गर्दीत दबून राहते. ‘पहिली एरर नीट वाचा’ असा सल्ला देणाऱ्यांनी ही पहिली एरर एकदा स्वतः वाचून पाहावी.

टाइपांच्या, म्हणजे डेटाच्या प्रकारांच्या, नावांबद्दल तर बोलायलाच नको. साधी स्ट्रिंग (अक्षरांची ओळ) म्हणजे कॅरेक्टर, त्याचे ट्रेट्स आणि त्याचा अ‍ॅलोकेटर अशी तीन तुकड्यांची बेसिक-स्ट्रिंग. अशा स्ट्रिंगांचा व्हेक्टर (क्रमवार संग्रह) मॅपमध्ये (किल्ली-मूल्य जोड्यांच्या संग्रहात) ठेवला की एका टाइपचे नाव लिहायलाच पडद्याच्या अनेक ओळी लागतात.

यावर उपाय म्हणून ‘कॉन्सेप्ट्स’, म्हणजे टाइपने कोणत्या अटी पूर्ण कराव्यात हे कोडमध्येच लिहिण्याची सोय, येणार होते. २००९ मध्ये ते सी++ च्या प्रमाणाच्या (स्टँडर्डच्या) मसुद्यातून काढून टाकले गेले आणि अखेर सी++ २० या आवृत्तीत आले. त्यामुळे परिस्थिती सुधारली, हे मी नाइलाजाने मान्य करतो. पण ‘अट पूर्ण होत नाही’ असे सांगून जीसीसी पहिल्याच पातळीवर थांबतो आणि अधिक तपशील हवा असेल तर कारणे किती खोलवर सांगायची त्याचा आकडा किमान २ करा, अशी सूचना देतो. म्हणजे कारण त्याला शोधता येते, ते कसे मागवायचे हेही तो सांगतो, पण मी अर्ज करीपर्यंत कारण द्यायचे नाही! रस्ट या भाषेचा कंपायलर, ज्याच्या सौजन्याचे सर्वत्र गोडवे गायले जातात, तोही इटरेटरांची लांबलचक साखळी समोर आली की टाइपचे पूर्ण नाव वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवल्याचे कळवतो आणि मोकळा होतो.

टाइप अनुमानाचा, म्हणजे न लिहिलेला टाइप कंपायलरने स्वतः ओळखण्याचा, प्रश्नच मुळात अवघड आहे, हे मला मान्य आहे. समीकरणे एकामागून एक जुळवत जाताना विसंगती जिथे उघड होते ते ठिकाण आणि चुकीचे ठिकाण एकच असेल, असे नाही. कंपायलर कोणत्या क्रमाने कोड तपासतो यावर दोष कोणाच्या माथी येणार, हे अवलंबून असते. परंतु टाइपच्या चुकीचा उगम कसा शोधावा, यावर मिचेल वँड यांचा शोधनिबंध १९८६ सालचा आहे. इतक्या वर्षांनंतरही ‘ही दोन विधाने एकमेकांशी जुळत नाहीत’ असे म्हणून दोन्ही ओळी शेजारी दाखवण्याऐवजी एकाच ओळीखाली लाल रेघ ओढून मोकळे होणे, हा निव्वळ आळस आहे.

जावामध्ये ‘लिस्ट’च्या टाइपच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिले आणि तिच्यात स्ट्रिंग घालू पाहिली, की स्ट्रिंगचे ‘कॅप#१’मध्ये रूपांतर होत नाही, असे उत्तर मिळते, आणि कॅप#१ म्हणजे काय, तर एक नवे टाइप-चल. टी हा टाइप परत देण्याचे वचन देणाऱ्या फंक्शनमधून स्ट्रिंग परत दिली, तर टाइपस्क्रिप्ट या भाषेचे उत्तर याहून चिडवणारे आहे: तुमची स्ट्रिंग टी-च्या अटीत बसते, पण टी एखादा वेगळा उपप्रकारही असू शकतो. विधान अक्षरशः खरे आहे, कारण टी ठरवणारा मी नसून माझे फंक्शन बोलावणारा आहे. पण फंक्शनच्या सहीत (सिग्नेचरमध्ये) टी ठेवायचाच कशाला, हा जो प्रश्न मला विचारायला हवा, तो त्या संदेशात नाही. परिणामी लोक वैतागून ‘अ‍ॅज टी’ (‘हा टी-च आहे असे समज’) लिहितात, लाल रेघ नाहीशी होते, आणि ज्याने अधिक काटेकोर टाइप मागितला होता त्याच्या हाती भलतीच स्ट्रिंग पडते, तीही प्रोग्रॅम चालू असताना, जेव्हा हा बडबड्या कंपायलर अवाक्षर काढत नाही.