अंदमानात 'दोन लाख कोटी लिटर तेल सापडलं'? नाही सापडलेलं

हा मेसेज आमच्या फॅमिली ग्रुपवर आला आणि रिटायर्ड मामा एफडी मोडायची भाषा करायला लागले, म्हणून लिहितोय, नाहीतर सोडून दिलं असतं. मेसेज थोडक्यात असा: अंदमानच्या समुद्रात २ लाख कोटी लिटर तेल सापडलं, देशाला १०० वर्षं पुरेल, पेट्रोल ३० रुपये लिटर होणार, आधीच्या सरकारांनी हे मुद्दाम दाबून ठेवलं होतं. आणि शेवटची ओळ, तेल कंपनीचे शेअर आत्ताच घेऊन ठेवा, दहापट होतील.

आधी तो आकडा, कारण सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. २ लाख कोटी लिटर हा आकडा अंदमानचा नाहीच, तो गयानाचा आहे. दक्षिण अमेरिकेतल्या या छोट्या देशाच्या समुद्रात जवळपास ११६० कोटी बॅरल तेलाचा साठा सांगतात. एका बॅरलमध्ये १५९ लिटर, गुणाकार करा, १ लाख ८४ हजार कोटी लिटर येतात. पेट्रोलियम मंत्री हरदीपसिंग पुरी २०२५ च्या जूनमध्ये म्हणाले की अंदमानात गयानाएवढं तेल मिळू शकतं. मिळू शकतं, एवढंच. मग कुणीतरी गयानाचा आकडा उचलला, राउंड फिगर केला आणि 'सापडलं' लिहून पाठवून दिला. तोवर अंदमानात तेलाचा एक थेंबही बाहेर आला नव्हता.

आणि समजा उद्या खरंच तेवढं सापडलं, तरी १०० वर्षं कुठून आली? आपला देश दिवसाला साधारण ५५ लाख बॅरल तेल वापरतो, म्हणजे वर्षाला २०० कोटी. ११६० ला २०० ने भागा. सहा वर्षंसुद्धा होत नाहीत! मोबाईलमध्ये कॅल्क्युलेटर असतो, फॉरवर्ड करायच्या आधी अर्धा मिनिट लागलं असतं.

आता खरंच काय झालं ते. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये ऑइल इंडिया या सरकारी कंपनीला 'श्री विजयपुरम-२' या विहिरीत गॅस मिळाला. गॅस, तेल नाही. अंदमानच्या पूर्व किनाऱ्यापासून १७ किलोमीटर आत, २९५ मीटर पाण्यात ही विहीर आहे, खोदाई २६५० मीटरपर्यंत ठरलेली. २२१२ ते २२५० मीटरच्या पट्ट्यात टेस्टिंग घेतलं, वर आलेला गॅस फ्लेअरला, म्हणजे विहिरीवरच पेटवतात तिथे, जळला, पण थांबून थांबून, सलग नाही. सॅम्पल जहाजाने काकीनाड्याला नेलं, त्यात ८७ टक्के मिथेन, म्हणजे नैसर्गिक गॅसचा मुख्य घटक, निघाला. ही सगळी माहिती मंत्र्यांनी स्वतः जाहीर केलेली आहे आणि त्याच निवेदनात स्पष्ट म्हटलंय की साठा किती मोठा आहे आणि तो काढणं परवडेल का हे पुढच्या काही महिन्यांत तपासायचं आहे. फॉरवर्डवाल्यांनी हे वाक्य तेवढं गाळलं. एका विहिरीतून जमिनीखाली गॅस आहे एवढं कळतं, तो किती लांबवर पसरलाय ते कळायला आजूबाजूला आणखी विहिरी घ्याव्या लागतात.

३० रुपये पेट्रोलवर फार बोलत नाही. मिथेनमधून पंपावरचं पेट्रोल येत नाही, आणि देशात निघालेलं कच्चं तेलसुद्धा आंतरराष्ट्रीय भावाला धरूनच विकलं जातं, वर केंद्राची एक्साइज आणि राज्याचा व्हॅट आहेच. मुंबई हायचं तेल १९७६ पासून निघतंय, म्हणून मुंबईत पेट्रोल स्वस्त मिळतं का?

आधीच्यांनी दाबून ठेवलं म्हणणाऱ्यांची एक गोष्ट मान्य करावी लागेल. संरक्षण वगैरे कारणांनी आपल्या समुद्राचा मोठा भाग शोधकामाला बंद होता, तो बहुतेक सगळा २०२२ मध्ये खुला झाला, आणि अंदमानच्या बाजूला आत्ता जोर आलाय तो त्यामुळेच. हे चांगलंच झालं. पण लपवलं कुणी नव्हतं, ओएनजीसीने तिथे १९८० च्या सुमारासच विहीर खोदली होती. त्याच पट्ट्यात उत्तरेला म्यानमारचे आणि दक्षिणेला सुमात्राचे गॅसचे साठे आहेत हेही जुनंच ज्ञान आहे. आशा ठेवायला जागा आहे, ती मी नाकारत नाही, अंदमानात मोठं काही मिळालं तर मला मनापासून आनंद होईल.

पण शेअरच्या त्या ओळीची खरंच चीड येते, कारण ती वाचून माणसं म्हातारपणाचे पैसे लावतात. २००५ मध्ये गुजरातच्या सरकारी कंपनीने, जीएसपीसीने, कृष्णा-गोदावरी खोऱ्यात २० टीसीएफ, म्हणजे २० लाख कोटी घनफूट, गॅस सापडल्याचं जाहीर केलं होतं, तेव्हाही देश गॅसच्या बाबतीत स्वयंपूर्ण होणार असंच वातावरण होतं. पुढे अंदाज त्याच्या दहाव्या हिश्श्यावर आला, कंपनी कर्जात बुडाली आणि २०१७ मध्ये त्या गॅस क्षेत्रातला ८० टक्के वाटा ओएनजीसीला विकावा लागला. आणि साठा खरा असला तरी वेळ किती जातो बघा. मुंबई हाय १९७४ ला सापडलं आणि दोन वर्षांत तेल सुरू झालं, कारण पाणी उथळ होतं. कृष्णा-गोदावरीच्याच खोल पाण्यातल्या ९८/२ नावाच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे शोधकामासाठी आखून दिलेल्या भागात, शोध लागायला २००० नंतर लगेच सुरुवात झाली होती, ओएनजीसीने तिथून पहिलं तेल काढलं ते ७ जानेवारी २०२४ ला.

मामांना फोनवर हेच सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, मग घ्यायचे कधी? म्हटलं मामा, शेअर घ्यायचेत तर कंपनीचा ताळेबंद बघून घ्या, पण या मेसेजवर नको आणि एफडी मोडून तर अजिबातच नको. आजूबाजूच्या विहिरींचे रिझल्ट येऊ देत, साठा किती आणि काढणं परवडतं का ते कंपनीला अधिकृतपणे सांगू दे, मग बोलू.