मिशी साडेपाचला, पडदा पावणेनऊला

जत्रेच्या नाटकाच्या हस्तपत्रिकेवर ‘ठीक ७ वाजता’ असं छापतात ना, त्यातल्या ‘ठीक’ या शब्दावर बंदी घाला. नुसतं ‘७ वाजता’ असतं तर मी एवढा पेटलो नसतो.

परवा आमच्या गावची जत्रा झाली. नाटकात मी सरदार. काम तिसऱ्या अंकात, एकच प्रवेश, अकरा मिनिटांचा. त्या अकरा मिनिटांसाठी दोन महिने देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे भाविकांच्या उतरायच्या जागेत, रात्री साडेनऊला हजर. फोंड्याहून कामावरून यायचं, दोन घास पोटात ढकलायचे आणि तालमीला पळायचं. बायको म्हणायची, एवढा वेळ घरात दिला असतास तर माडी चढली असती घरावर. असो.

मेकअपवाला एक आणि तोंडं चौदा. त्यामुळे मला साडेपाचलाच बसवलं. स्पिरिट गमने मिशी लावून घेतली नसेल त्याला हे कळायचं नाही. आधी ओठावर गार लागतं, बरं वाटतं. तासाभराने कातडी ओढायला लागते. तिसऱ्या तासाला मिशीखाली मुंग्यांनी वारूळ केलंय की काय असं वाटतं, आणि खाजवता तर येत नाही! हसायचं नाही, जांभई द्यायची नाही, चहा प्यायचा तर स्ट्रॉने. सरदार स्ट्रॉने चहा पितोय.

सातला आमची तयारी पूर्ण. पेटी-तबला लागलेला, प्रेक्षक बसलेले. पाहुणे आले सात चाळीसला. मग दीपप्रज्वलन. पाहुण्यांना उकडेल म्हणून स्टेजवर हा मोठा पंखा लावलेला. पौषात! समईची एक वात पेटली की शेजारची विझते. पंखा बंद करावा हे सुचेपर्यंत अर्धी काडेपेटी संपली. वाती पेटल्या एकदाच्या, तर फोटोग्राफर म्हणतो, साहेब, परत एकदा हात धरा समईला.

मग सत्कार. अकरा. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, आणि प्रत्येकाचा परिचय कागदावरून वाचून, शिक्षण कुठे झालं इथपासून. सत्कारमूर्तींत मंडपवालासुद्धा होता. अरे, त्याने मंडपाचे पैसे मोजून घेतलेत! मी विंगेतल्या फटीतून बघत होतो. पुढे सोफ्यावर अकरा शाली घडी करून ठेवलेल्या आणि मागे गावातल्या म्हाताऱ्या पदर कानावर ओढून कुडकुडत बसलेल्या. त्यांतल्या एकीच्या अंगावर एक शाल टाकावी असं कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही, खरं सांगायचं तर. मी मिशीच्या नादात होतो.

मग भाषण. ‘मी तुमचा जास्त वेळ घेणार नाही’ म्हणाले आणि सव्वीस मिनिटं घेतली, आमच्या पेटीवाल्याने घड्याळ लावून मोजली. गोवा म्हणजे कलाकारांची खाण. मंगेशीचे दीनानाथ, केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई. दरवर्षी हीच नावं, याच क्रमाने. थोर माणसं, वाद नाही. पण त्याच खाणीतले चौदा जण या घटकेला विंगेत घाम पुसत उभे आहेत, त्यांचं काय? नाट्यकला जगली पाहिजे, असं म्हणून साहेब बसले. पडदा वर गेला पावणेनऊला. पहिला प्रवेश संपायच्या आत साहेब उठले, त्यांच्यामागे दोन सोफे उठले. रिकाम्या सोफ्यावर पोरं जाऊन बसली तर स्वयंसेवकाने हाकललं. राखीव आहे म्हणे. कुणासाठी? गाडी तोवर तिठ्यापलीकडे गेली होती.

आता कुणी म्हणेल, उशीर झाला तर झाला, जत्रेचं नाटक आहे, बसा पहाटेपर्यंत. ते दिवस गेले. पूर्वी नाटक संपलं की कोंबडा आरवायचा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. सरकारला वर्षातले पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देता येते, त्यात आमच्या गावची जत्रा कुठून येणार! बंद सभागृहाला हा नियम आडवा येत नाही. कला अकादमीत वा रवींद्र भवनात आत बसून खुशाल करा. आमचं स्टेज देवळासमोर, उघड्यावर. नियमाबद्दल माझी तक्रार नाही, आजारी माणसं असतात, परीक्षेची पोरं असतात. पण दहाला आवाज बंद होणार हे समितीतल्या पोराटोरांना माहीत आहे, मग तास-दीड तास भाषणाला कापून दिलाच कसा?

सव्वादोन तासांचं नाटक सव्वा तासात बसवायचं. दिग्दर्शक विंगेत टॉर्च तोंडात धरून संहितेवर पेन्सिल चालवत होता. नायिकेची तीन पदं गेली, एकाचं नुसतं ध्रुवपद राहिलं. दुसऱ्या अंकातला भांडणाचा प्रवेश गेला, त्यामुळे तिसऱ्या अंकात दोघं समेट कशाचा करतात ते कुणाला कळलं नाही. साडेनऊला तो माझ्याजवळ आला. काही बोलला नाही, नुसता खांद्यावर हात ठेवला. मी समजलो.

दुसऱ्या दिवशी समितीतल्या एकाला गाठलं. तो म्हणाला, ‘भाई, देणगी देतात ते. कपडेपट, लाइट, वादक, सगळं कुठून आणायचं?’ हे मला पटतं. देवाच्या नावावर सगळं फुकट होत नाही. म्हटलं, मग सत्कार नाटक संपल्यावर करा. तर म्हणतो, ‘संपेपर्यंत पाहुणे थांबत नाहीत.’ अरे, जो नाटक बघायला थांबत नाही त्याला नाटकाला बोलावता कशाला!

भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या पाचव्या अध्यायात पूर्वरंग, म्हणजे नाटकाआधीचा विधी, सांगितलाय. चांगला लांबलचक आहे, तेही काही कमी नव्हते. पण तिथेच बजावलंय की हे गाणं-बजावणं अति झालं तर करणारेही शिणतात आणि बघणारेही, आणि शिणलेल्या माणसाला रस-भाव नीट पोचत नाहीत. आणि ते गाण्या-नाचाबद्दल बोलत होते. मंडपवाल्याचा परिचय त्यांच्या स्वप्नातही आला नसेल.

मडगावला तियात्र, म्हणजे गाण्यांचं कोंकणी नाटक, बघा. दिवसाला दोन खेळ असले की पहिला वेळेवर संपवावाच लागतो, दुसऱ्याचे तिकीटवाले दारात उभे असतात. म्हणजे आपल्याला वेळ पाळता येत नाही असं मुळीच नाही. खिशातून पैसे काढून आलेल्याचा वेळ पाळतो. जत्रेला फुकट आलेल्या म्हातारीचा वेळ फुकटच धरतो. चवथीच्या दिवसांत घुमट आरतीच्या, म्हणजे घुमट हे मातीचं तालवाद्य वाजवत म्हणायच्या आरतीच्या, स्पर्धा होतात, तिथे हेच. २०१९ला घुमटाला वारसा वाद्याचा मान मिळाला, तेव्हापासून त्या मानाबद्दल बोलणारे आधी बोलतात, आणि वाजवणारी पोरं घुमट मांडीवर घेऊन ताटकळतात. पुस्तक प्रकाशनांबद्दल तर बोलतच नाही. अर्धा तास तर चकचकीत कागद सोडवण्यात जातो.

हो, आणि माझ्याही कपाटात दोन शाली आहेत. घेतल्या मी, हसत हसत, फोटोला मान वळवून. एक पेटीवर घालतो.

दहाला दोन मिनिटं असताना पडदा पडला. मिशी ओढून काढली, ओठाचं सालटं निघालं. बाहेर आई खुर्चीवर बसून होती, हातात खाज्यांची पुडी. पंच्याहत्तर वर्षांची, साडेसहापासून त्याच खुर्चीवर. मला बघून म्हणाली, ‘तूं केन्ना आयलो रे?’

मी स्टेजवर कधी आलो ते मागे बसल्यामुळे आपल्याला नीट दिसलं नाही, असंच तिला वाटत होतं. मी म्हटलं, शेवटी आलो गे, पटकन गेलो.