रोमन काँक्रीटचे ‘हरवलेले गुपित’ आणि सिमेंटच्या गोणीवरचा शब्द

रोममधील कोलोसियम हे प्रेक्षागार, तिथलेच पँथिऑन हे मंदिर आणि फ्रान्समधील पाँ द्यु गार हा पाण्याच्या कालव्याचा पूल या तीन रोमन वास्तूंची छायाचित्रे एकाखाली एक लावलेला एक मजकूर समाजमाध्यमांवर फिरत असतो, आणि कुठे पूल कोसळला की तो पुन्हा वर येतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे आहे: रोमनांनी काँक्रीटने बांधलेले दोन हजार वर्षे जसेच्या तसे उभे आहे आणि आपले पन्नास वर्षांत पडते, ते काँक्रीट बनवण्याचे गुपित काळाच्या ओघात हरवले, आजच्या सिमेंटला त्याची सर नाही.

आधी छायाचित्रांविषयी. नीम शहराला पाणी पुरवणाऱ्या कालव्यासाठी बांधलेल्या पाँ द्यु गारच्या खालच्या दोन भव्य कमानरांगांमध्ये काँक्रीट तर नाहीच, पण साधा चुनाही नाही. घडवलेले दगड नेमके एकमेकांवर बसवून त्या उभ्या केल्या आहेत. कोलोसियमच्या पायात आणि कमानदार छतांमध्ये काँक्रीट आहे हे खरे, परंतु चित्रात दिसते ती बाहेरची भिंत ट्रॅव्हर्टाइन दगडाची असून तिचे चिरे लोखंडी पकडींनी जोडलेले होते. त्या भिंतीवर आज जी असंख्य भोके दिसतात, ती मध्ययुगात लोखंडासाठी या पकडी उकरून काढल्याच्या खुणा आहेत. ‘जसेच्या तसे’ म्हणावे, तर इ.स. ८० मध्ये खुल्या झालेल्या या वास्तूच्या बाहेरच्या कड्याचा दक्षिणेकडचा भाग १३४९ च्या भूकंपात कोसळला आणि त्याचे दगड पुढे वाड्यांना व चर्चना लागले. उरलेल्या कड्याची दोन्ही टोके एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या आधारभिंतींनी तोलून धरली आहेत.

दुसरे विधान, म्हणजे रोमनांची बांधकामे पडत नसत हे, खुद्द रोमनांनाच मान्य झाले नसते. इ.स.पू. ४४ च्या एप्रिलमध्ये सिसेरो या रोमन राजकारणी व वक्त्याने आपला मित्र ॲटिकस याला कळवले की, माझे दोन दुकानगाळे कोसळले आहेत आणि बाकीच्यांना तडे जात आहेत, त्यामुळे भाडेकरूच काय, उंदीरही बिऱ्हाड हलवून गेले आहेत. (घरमालकाचा इतका शांत विनोद आजही दुर्मीळच.) त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी थोरला प्लिनी या रोमन लेखकाने रोममधील इमारती पडण्याचे मुख्य कारण नोंदवले आहे, आणि ते वाचताना काळाचे अंतर पार मिटते: चुन्याची चोरी होते, त्यामुळे दगडगोटे पुरेशा चुन्याविना नुसतेच रचले जातात. ठेकेदाराने माल खाणे हा प्रकार दोन हजार वर्षांपूर्वीही होता, फक्त त्या पडलेल्या इमारतींची छायाचित्रे आपल्यापर्यंत पोहोचू शकत नाहीत. आपण पाहतो त्या निवडक, सर्वांत भक्कम आणि बहुधा सम्राटांच्या खर्चाने बांधलेल्या वास्तू होत. त्यांची तुलना आजच्या सरसकट बांधकामाशी करणे न्यायाचे नाही.

पँथिऑनचे उदाहरण मात्र मजकुराच्या बाजूचे आहे आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. सम्राट हेड्रियनच्या काळात पूर्ण झालेला त्याचा ४३.३ मीटर व्यासाचा घुमट हा आजही सळयांविना उभारलेला जगातील सर्वांत मोठा काँक्रीटचा घुमट आहे. त्याचे यश मिश्रणापेक्षा रचनेत अधिक आहे. तळाशी सुमारे सहा मीटर जाड असलेले कवच वरच्या गोल झरोक्यापाशी जेमतेम सव्वा मीटरवर येते. खाली जड ट्रॅव्हर्टाइनची खडी, मध्ये विटांचे तुकडे, आणि माथ्याला पाण्यावर तरंगेल इतका हलका प्युमिस दगड अशी भर बदलत नेलेली आहे. एवढे करूनही घुमटाला तळाकडून वर जाणारे तडे आहेतच. वास्तूला कोणी हात लावला नाही असेही नाही, कारण दर्शनी भागावरच, या जागी आधीचे मंदिर बांधणाऱ्या ॲग्रिप्पाच्या नावाखाली, लहान अक्षरांत इ.स. २०२ च्या दुरुस्तीचा लेख कोरलेला आहे. पुढे ६०९ मध्ये तिचे चर्च झाले आणि तेव्हापासून ती सतत वापरात व देखभालीत राहिली. पाणीपुरवठ्याचेही तसेच होते: पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमच्या कालव्यांचा कारभार पाहणाऱ्या फ्रॉन्टिनसच्या हाताखाली निव्वळ देखभालीसाठी ७०० गुलाम होते.

आजच्या सिमेंटला सर नाही, या विधानात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. रोमन काँक्रीट दाब उत्तम सोसते, ताण सोसत नाही. म्हणून त्यांनी कमानी आणि घुमट बांधले आणि भिंती अवाढव्य ठेवल्या. अधांतरी सज्जा किंवा लांब गाळ्याचा उड्डाणपूल हवा असेल, तर आत लोखंडी सळया लागतात. सळयांवरचा काँक्रीटचा थर (कव्हर) अपुरा पडला आणि ओल व खारी हवा आत शिरली की त्या गंजतात, गंजून फुगतात आणि काँक्रीट फोडतात. पन्नास वर्षांत पूल खराब होतो तो बहुधा यामुळे. ज्या वास्तूत सळईच नाही तिला हा आजार होणार कसा?

उरले गुपित. वित्रुव्हियस या रोमन वास्तुकाराने इ.स.पू. पहिल्या शतकात मिश्रणाची प्रमाणे लिहूनच ठेवली आहेत: खाणीतल्या वाळूचे तीन भाग आणि चुन्याचा एक, नदीची वाळू असेल तर दोनास एक, आणि त्यात कुटलेल्या खापरांचा तिसरा हिस्सा घातल्यास उत्तम. आपल्याकडच्या वाड्यांच्या चुन्यात विटांची सुरखी पडत असे, ती याच कारणासाठी. समुद्रातल्या कामासाठी तो नेपल्सजवळची ज्वालामुखीची राख सांगतो. पोत्सुओली या गावावरून तिला पोझोलाना म्हणतात. अठराव्या शतकात जॉन स्मीटन या इंग्रज अभियंत्याने एडिस्टोनचे दीपगृह बांधताना अशीच राख इटलीहून मागवली होती. नवे संशोधन झाले आहे, ते गुणधर्मांच्या कारणांविषयी: २०२३ मध्ये इटलीतील प्रिव्हर्नम येथील प्राचीन भिंतीच्या अभ्यासातून असे मांडले गेले की, कळीचा चुना आधी पाण्यात न विझवता थेट मिसळल्याने मिश्रण तापते, चुन्याचे पांढरे खडे आत राहतात आणि तड्यात पाणी शिरले की तेच विरघळून तो बुजवतात. त्या धर्तीवर बनवलेल्या नमुन्यांतील अर्धा मिलिमीटरचे तडे काही आठवड्यांत बुजले. ही मोलाची भर आहे. चुन्यात किंवा सिमेंटमध्ये राख मिसळण्याचे तत्त्व मात्र कधीच हरवले नव्हते; कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात औष्णिक वीजकेंद्राची राख मिसळलेल्या सिमेंटची गोणी उलटून पाहावी, तिच्यावर ‘पोर्टलँड पोझोलाना सिमेंट’ असे ठळक छापलेले असते.