निवडलेली रोटाला

मी घरी नव्हतो म्हणून कुरिअरवाल्यानं पार्सल शेजारच्या आजींकडे ठेवलं. खोक्यावर ठळक लिहिलेलं होतं, 'जिवंत वनस्पती'. आजींना लिहिता-वाचता येतं. तिथंच घात झाला.

संध्याकाळी दार वाजवलं तर त्यांनी माझ्या हातात चाळणी ठेवली. तीत हिरवी-तांबूस पानं, धुऊन निथळत ठेवलेली.

"निवडून ठिवली बघ. देठंच लई होती. टाकली."

ती देठं म्हणजे माझी रोटाला, पाण्यात वाढणारी वनस्पती. देठच तर वाळूत खोचायचे असतात, पेरापेरांतून मुळं फुटतात.

"आजी, ही फिश टँकमध्ये लावायची होती."

"माशास्नी खायला?"

"नाही, माशांनी खाल्ली तर पंचाईत."

"मग तू खाणार?"

"कुणीच खात नाही. नुसती बघायची."

आजींनी चाळणीकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत माझं लग्न अजून का जमत नाही त्याचं उत्तर होतं.

"म्या दोन पानं चावून बघितली. चव न्हाई. डाळ घालून जमंल म्हटलं."

"आणि दुसऱ्या पिशवीतलं?"

"त्ये आल्यागत गाठीचं? त्ये लावलं की!"

अनुबियास! पश्चिम आफ्रिकेतल्या ओढ्यांकाठची वनस्पती. टँकमध्ये तिचं आडवं खोड उघडं ठेवून दगडाला दोऱ्यानं बांधायचं, पुरलं की कुजतं. आजींनी ते गॅलरीत, कोरफडीशेजारच्या कुंडीत वीतभर खोल गाडून वर शेणखत घातलं होतं.

आता आजींवर रागवून उपयोग काय? आमच्या साताऱ्यात टँकमध्ये जिवंत झाडं लावायच्या या छंदाला कुणी विचारतच नाही. दुकानात जावं तर प्लास्टिकची जांभळी झाडं पुढं करतात, वर "ही मरत नाहीत साहेब" असं ऐकवतात. घरी आलेला प्रत्येक पाहुणा टँकमधल्या माझ्या व्हॅलिस्नेरिया या पाणवनस्पतीकडे बोट दाखवून "शेवाळ झालंय, पाणी बदला" म्हणतो. शेवाळ होऊ नये म्हणून मी टँकचा दिवा टायमरवर लावून सात तासांत बंद करतो, तर "एवढी काटकसर?" क्रिप्टोकोरिन ही दुसरी पाणवनस्पती नव्या पाण्यात आली की जुनी पानं गाळते आणि मुळातून पुन्हा फुटते. तेवढ्या दिवसांत मात्र आमचे बंधू "मेली की रे" म्हणून रोज फोन करतात.

आणि हे कुठं? तर ज्या गावाच्या नावानं पाणवनस्पतीची एक जात ओळखली जाते, तिथं! अपोनोजेटॉन सातारेन्सिस, आपला वायतुरा. शास्त्रात त्याची नोंद १९८२ सालची. पावसाळ्यात कासच्या सड्यावर, म्हणजे पठारावर, साचलेल्या पाण्यात त्याचे दुबेळके तुरे उभे राहतात. २०१२ पासून कास जागतिक वारसा यादीत आहे, तेव्हा तिथलं पानही तोडू नये हे बरोबरच. पण गर्दी तिकडे सेल्फीला जाते आणि वायतुऱ्याला पाठ करून उभी राहते. विषय कुठं गेला बघा. चिडलो की असं होतं.

तर, अनुबियास. मी म्हटलं, "आजी, तेवढं काढून देता का?"

"आरं, लावल्यालं लगीच उपटत्यात व्हय? रुजू दे. पिलं फुटली की एक देते तुला."

मला. माझ्याच पैशातलं. एक देणार.