आधी मुक्काम ठरवा, स्पॉट नंतर

कॅम्परव्हॅनने (झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली व्हॅन) समुद्रकाठी फिरायचं ठरलं की सगळे आधी मॅप उघडतात आणि बघायचे स्पॉट टाकत सुटतात. आम्हीपण तेच केलं. ऑस्ट्रेलियाचा ग्रेट ओशन रोड, जेमतेम २४० किलोमीटर, एका दिवसात उरकू असं मीच मोठ्या तोंडाने म्हणालो होतो.

अहो पण व्हॅन म्हणजे कार नव्हे. दुसऱ्याच वळणावर ड्रॉवर सुटला, सगळे चमचे खणखणत थेट ड्रायव्हर सीटखाली, आणि मागे गाड्यांची ही रांग, मग जागा दिसली की बाजूला घ्या, त्यांना जाऊ द्या, परत निघा. आता एका दिवसात शंभरच्या वर किलोमीटर धरतच नाही.

एक गोष्ट मात्र नशिबाने बरोबर झाली, आम्ही रस्त्याच्या पूर्व टोकाच्या टॉर्कीहून पश्चिमेकडे निघालो. तिथे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, त्यामुळे समुद्र आपल्याच बाजूला, थांबायला समोरची लेन कापायची भानगड नाही. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगतच्या हायवे नंबर १ वर उजवीकडून चालवतात, म्हणून तिथे उत्तरेकडून दक्षिणेला यायचं.

पण माझं खरं म्हणणं वेगळंच आहे, आधी रात्री कुठे झोपायचं ते ठरवा. दिसलं पार्किंग की घातली पथारी, हे ग्रेट ओशन रोडवर चालत नाही, आणि डिसेंबर-जानेवारीत कॅम्पसाइट आधीच फुल असतात. आम्ही पोर्ट कॅम्पबेलला मुक्काम केला. ट्वेल्व्ह अपॉसल्स, म्हणजे समुद्रात उभे असलेले उंच खडक, तिथून बारा-तेरा किलोमीटर. (नाव बाराचं, खडक होते नऊ, २००५ मध्ये एक कोसळला, आता उरलेत आठ!) दुपारी टूर बसेसची जत्रा असते, आम्ही संध्याकाळी गेलो आणि परत पहाटे, तेव्हा मोजून चार माणसं.

जिथे झोपणार तिथे डंप पॉइंट, म्हणजे टाकीतलं घाण पाणी ओतायची जागा, आहे का तेपण बघा. सिंकचं घाण पाणी दोन दिवस टाकीत राहिलं की कसला वास येतो ते विचारू नका. आणि पाणी एका लिटरला एक किलो, शंभर लिटरची टाकी भरून घाट चढवला की इंजिन कण्हायला लागतं. काही घाटांत तर व्हॅन घालूच नये. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर बीअलाख ना बा म्हणून ६२६ मीटर उंचीची खिंड आहे, एकाच गाडीपुरता अरुंद रस्ता, हेअरपिन वळणं, मोठ्या गाड्या नेऊ नका असा बोर्डच लावलाय, तरी लोक नेतात.

आणि हो, निघताना गॅसचा कॉक बंद आहे का बघा. बायको दोनदा विचारते, मी तिसऱ्यांदा उतरून बघतो.