पन्नास रुपयांचा इंजेक्टर ड्रायव्हर, म्हणे

"इंजेक्टर म्हणजे नुसती १२ व्होल्टची कॉइल. ५५५ किंवा आर्डुइनो, कुठलाही मॉस्फेट, एक उलटा डायोड, ५० रुपयांत ड्रायव्हर तयार. घरीच साफ करा, नाहीतर गाडीलाच बसवा आणि नॉब फिरवून मायलेज वाढवा." हा मेसेज मला आठवड्यात तीनदा आला (इंजेक्टर म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारी विजेवरची झडप, ५५५ ही टायमरची चिप, आर्डुइनो हा छोटा प्रोग्राम करता येणारा बोर्ड आणि मॉस्फेट हा इलेक्ट्रॉनिक स्विच), त्यातला एकदा तर सोसायटीच्या पाण्याच्या टँकरच्या ग्रुपवर. सामान स्वस्त आहे हे खरंय, पुण्यात बुधवार पेठेत एक चक्कर मारली की सगळं मिळतं. बाकीच्याचं बघू.

"आधी डायरेक्ट बॅटरी लावून बघा, टक्क वाजला की चांगला." वाजतो, मान्य. पण साध्या पोर्ट इंजेक्टरची कॉइल १२ ते १६ ओहमची, म्हणजे जवळपास १ अँपियर आणि १२ वॅट. गाडीत तो काही मिलिसेकंदच उघडतो, शिवाय आतून पेट्रोल वाहतं म्हणून गार राहतो, कोरडा धरून वायर चिकटवून बसलात तर तापणारच ना. आणि चुकून २-३ ओहमवाला हातात आला तर ५ अँपियर. त्याला पीक अँड होल्ड ड्रायव्हर लागतो, आधी ४ अँपियरचा झटका आणि मग १ अँपियरवर धरून ठेवायचं, एलएम१९४९ नावाची आयसी त्याच कामासाठी बनवली होती. म्हणून आधी मल्टिमीटर लावा, त्याला कितीसा वेळ लागतो.

"कुठलाही मॉस्फेट चालतो." नाही चालत. सगळे आयआरएफझेड४४एन उचलतात, तो २-४ व्होल्टला कुठे जागा व्हायला लागतो, नीट उघडायला गेटवर (स्विच चालू-बंद करणाऱ्या पिनवर) १० व्होल्ट लागतात. १२ व्होल्टवर चालणाऱ्या ५५५ बरोबर तो मजेत चालेल पण आर्डुइनोच्या ५ व्होल्टवर अर्धवट उघडून गरम होत बसतो. तिथे लॉजिक लेव्हलचा, म्हणजे ५ व्होल्टलाच नीट उघडणारा, आयआरएलझेड४४एन घ्या. आणि गेटपासून ग्राउंडला १० के चा रेझिस्टर विसरू नका, नाहीतर आर्डुइनो रीसेट झाला की गेट अधांतरी आणि इंजेक्टर उघडा राहू शकतो.

आता तो उलटा डायोड. इथे मेसेज लिहिणारा निम्मा बरोबर आहे म्हणून जास्त त्रास होतो. कॉइलचा करंट एकदम तोडला की ती व्होल्टेजचा उलटा स्पाइक मारते, हा मॉस्फेट ५५ व्होल्टचा, त्यामुळे काहीतरी लावावंच लागतं. रिलेला आपण १एन४००७ डायोड लावतो तसा इथेही लावला की मॉस्फेट वाचतो, पण करंट त्या डायोडमधून गोल गोल फिरत हळूहळू मरतो आणि तोवर इंजेक्टर बंदच होत नाही. आयडलला पल्सच असते २-३ मिलिसेकंदांची, त्यात बंद व्हायला मिलिसेकंदभर उशीर म्हणजे केवढा फरक झाला बघा. रिलेला तेवढ्यानं काही होत नाही, इथे मात्र पेट्रोलचं मापच चुकतं. त्यापेक्षा मॉस्फेटच्या ड्रेन-सोर्सवर (स्विचच्या दोन टोकांवर) ३६ व्होल्टचा ५ वॅट झेनर डायोड टाका, स्पाइक ३६ ला अडतो, करंट पटकन संपतो, इंजेक्टरची आतली सुई झटकन बसते. नुसतं क्लीनर मारून साफ करायचं असेल तर डायोड पुरे. पण चारही इंजेक्टरमधून किती येतं याचं माप घेऊन कुठला कमी देतो ते बघायचं असेल तर झेनरच.

नॉबचं तर काय बोलायचं. चार स्ट्रोक इंजिनची एक सायकल १५०० आरपीएमला ८० मिलिसेकंद आणि ६००० ला २०, ५५५ ला यातलं काहीच कळत नाही, तो आपल्या तालात टकटक करत राहणार. ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, इंजिन कुठे फिरतंय ते सांगणारा क्रँक सेन्सर बघून पल्स देतो, धुरातला ऑक्सिजन सेन्सर बघून ती कमीजास्त करतो, १ एप्रिल २०२० पासून बीएस६ हे प्रदूषणाचे नियम आल्यावर आपल्या बहुतेक दुचाक्यांत हेच आलंय. तुम्ही नॉब कमी केला तर गाडी पिकअपला गचके खाईल, वाढवला तर न जळलेलं पेट्रोल सिलिंडरवरून उतरून इंजिन ऑइलमध्ये जाईल आणि मग चाललात नाना पेठेत पिस्टन-रिंग शोधायला.

आणि हो, टेस्ट करताना बॅटरीची शेवटची वायर लांब नेऊन जोडा. कार्ब क्लीनरच्या (साफ करायच्या स्प्रेच्या) वाफेत ठिणगी उडवायची नसते, हे त्या मेसेजमध्ये कुठेच नाहीये.