सशाचं गळू सुईने फोडून बरं होत नाही

ससे पाळणाऱ्यांमध्ये एक मजकूर सतत एकमेकांना पाठवला जातो. त्याचा आशय असा: सशाच्या जबड्यावर गाठ आली किंवा डोळ्यातून पाणी यायला लागलं तर घाबरू नका. गरम शेक द्या, गाठ मऊ पडली की सुईने टोचून पू काढा. घरात अमॉक्सिसिलिन असेल तर थोडं पाजा. डोळ्यात माणसांचे ड्रॉप घाला, वाढलेले दात नेलकटरने कापा. डॉक्टरकडे न्यायचंच झालं तर आदल्या रात्री उपाशी ठेवा. आणि एवढं करूनही गळू परत आलं तर समजा, सशाच्या गळवाला इलाज नसतो.

लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण यातला जवळजवळ प्रत्येक सल्ला सशाला त्रास वाढवणारा आहे आणि एक तर थेट जीवघेणा.

आधी शेक आणि सुई. माणसाचं किंवा मांजराचं गळू पिकतं, फुटतं, पू वाहून जातो, जखम भरते. सशाचा पू वाहतच नाही. तो टूथपेस्टसारखा घट्ट, पांढरट असतो आणि त्याच्याभोवती शरीराने जाड पिशवी तयार केलेली असते. शेकून तो पातळ होत नाही, सुईच्या भोकातून बाहेर येत नाही. चिरा देऊन दाबून काढला तरी पिशवी आत राहते आणि गळू पुन्हा भरतं. पू बाहेर निघायला हवा हे म्हणणं बरोबर आहे, पण पिशवीसकट, आणि ज्या जागेहून तो तयार होतोय ती जागाही साफ करून.

ती जागा बहुतेक वेळा दाताच्या मुळाशी असते. सशाला 28 दात असतात: पुढचे 6 आणि दाढा 22. हे सगळे आयुष्यभर वाढत राहतात. पुढचे दात तर आठवड्याला साधारण 2 मिलिमीटर वाढतात. सुकं गवत तासन् तास चघळलं की वाढीइतकी झीज होते. झीज कमी पडली, किंवा जबड्याची ठेवण मुळातच बिघडलेली असली, तर दाढा तोंडात वाढतात आणि उलट्या दिशेने हाडातही घुसतात. खालच्या दाढांची मुळं जबड्याच्या खालच्या कडेला टेंगळं आणतात, ती बोटाला लागतात. वरच्या मागच्या दाढांची मुळं डोळ्याच्या खोबणीच्या अगदी तळाशी असतात. मुळाशी जंतू शिरले, हाड कुजायला लागलं, की वर दिसते ती गाठ. म्हणून गाठीवर कितीही उपाय केले तरी दाढ आत तशीच सडत असते.

आता अमॉक्सिसिलिन. हा मुद्दा मी सगळ्यात आधी लिहायला हवा होता, कारण इथे ससा मरतो. तोंडाने दिलेलं अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, पेनिसिलिन किंवा क्लिंडामायसिन सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारतं. मोकळ्या झालेल्या जागेत क्लॉस्ट्रिडियम जातीचे जंतू माजतात, त्यांचं विष भिनतं, जुलाब होतात आणि काही दिवसांत खेळ संपतो. मात्रा कमी ठेवल्याने धोका टळत नाही. ‘आमच्या डॉक्टरांनीच पेनिसिलिन दिलं होतं’ असं कुणी सांगेल, आणि ते खरंही असेल, पण ते इंजेक्शन होतं. कातडीखाली टोचलेलं पेनिसिलिन दातांच्या गळवांसाठी खरोखर वापरतात. तोंडाने द्यायला एन्रोफ्लॉक्सासिन, ट्रायमेथोप्रिम-सल्फा, मेट्रोनिडॅझोल अशी वेगळी औषधं आहेत. त्यातही दाताच्या गळवात ऑक्सिजनशिवाय जगणारे जंतू फार असतात आणि त्यांच्यावर एकटं एन्रोफ्लॉक्सासिन तोकडं पडतं. म्हणून पिशवीच्या भिंतीचा तुकडा तपासून औषध ठरवणं चांगलं. मधल्या पुवात जंतू मेलेले असू शकतात, तो तपासून अनेकदा काहीच हाती लागत नाही.

डोळ्याच्या ड्रॉपचंही असंच. डोळ्यातलं पाणी नाकाकडे नेणारी नळी पुढच्या वरच्या दाताच्या मुळाला घासून जाते. मूळ वाढलं की नळी चेपते, पाणी गालावर ओघळतं, मग पांढरा पू येतो. ड्रॉपने ती नळी मोकळी होत नाही, ती भूल देऊन किंवा बधिर करून धुवावी लागते आणि दातांचा एक्स-रे काढावा लागतो. एक डोळा पुढे आला असेल, तिसरी पापणी (डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातला पातळ पडदा) दिसत असेल, तर डोळ्यामागे गळू असण्याची दाट शक्यता. असा डोळा नीट मिटत नाही, बुबुळ कोरडं पडून त्यावर जखम होते. त्या जखमेवर स्टेरॉइडचे ड्रॉप पडले तर ती आणखी खोल जाते. आणि डोळ्यामागे घरी सुई घालायचा विचारही नको, तिथे रक्ताने भरलेली मोठी शीर पसरलेली असते.

नेलकटरने दात उभा चिरतो, फट मुळापर्यंत जाऊ शकते, म्हणजे नव्या गळवाची तयारी. दात फिरत्या यंत्राने घासून कमी करतात. दाढा तर भूल दिल्याशिवाय नीट दिसतही नाहीत.

उपाशी ठेवण्याचा सल्ला कुत्र्या-मांजरांचा. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे रात्रभर पोट रिकामं ठेवायचं कारणच नाही. उलट पोट थांबलं की ससा दगावू शकतो. दुखण्यामुळे त्याने आधीच खाणं कमी केलेलं असतं. 12 तास काही खाल्लं नाही किंवा लेंड्या बंद झाल्या तर गळू बाजूला ठेवा, तीच तातडीची बाब.

राहिला ‘इलाज नसतो’. हा इलाज अवघड आहे, लांबणारा आहे आणि दरवेळी यश येतंच असं नाही, हे मान्य. पण इलाज आहे. कवटीचा एक्स-रे, शक्य असेल तर सीटी स्कॅन, मग पिशवी, सडलेली दाढ आणि मेलेलं हाड काढणं. पिशवी पूर्ण निघत नसेल तर जखमेच्या कडा कातडीला शिवून ती मुद्दाम उघडी ठेवतात आणि आतून भरेपर्यंत धूत राहतात. काही ठिकाणी पोकळीत प्रतिजैविकाचे मणी ठेवतात. डोळ्यामागच्या गळवात कधी डोळा काढावा लागतो, एका डोळ्याचे ससे व्यवस्थित जगतात. सोबत मेलोक्सिकॅमसारखं वेदनाशामक सशाच्या वजनाप्रमाणे, आणि खाईपर्यंत सिरिंजने पातळ खाद्य. औषधं बऱ्याचदा कित्येक आठवडे चालतात. हाड खूप पोखरलेलं असेल, अनेक दाढा गेलेल्या असतील, तर फक्त वेदना कमी ठेवणं किंवा शांतपणे मरण देणं हाही रास्त निर्णय असतो. पण तो एक्स-रे पाहून घ्यायचा. गाठ सुईने दोनदा फोडून झाली आणि ती परत आली, एवढ्यावर नाही.